‘पोरं सांभाळायला कोर्स कशाला?’

पत्र

ताई, मी साताऱ्याची. वय ३५, बी.कॉम. एका पतपेढीत आठ वर्षं नोकरी केली, आधी काउंटरवर आणि मग हिशेबाला. मुलगी झाल्यावर सोडली. ती आता चार वर्षांची आहे, इथल्याच एका ‘मॉन्टेसरी’त जाते. मला लहान मुलं मनापासून आवडतात आणि मॉन्टेसरी शिक्षिका व्हायचं मनात आहे. तीन पर्याय दिसतात. ४५ दिवसांचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स, गावातच वर्षभराचा नर्सरी टीचर ट्रेनिंगचा वर्ग, नाहीतर पुण्यात बहिणीकडे राहून वर्षाचा पूर्णवेळ मॉन्टेसरी डिप्लोमा. हा शेवटचा फार महाग आहे. मिस्टर म्हणतात, ‘पोरं सांभाळायला कोर्स कशाला?’ सासूबाई मुलीला बघायला तयार आहेत. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. या वयात जमेल का? पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत लागता येईल का? की सरळ घराच्या तळमजल्यावर स्वतःची बालवाडी काढू?
— एक वाचक, सातारा

उत्तर

वयाचं आधी उरकून टाकू. १९०७ च्या जानेवारीत रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत या पद्धतीच्या जनक मारिया मॉन्टेसरींनी लहान मुलांसाठी पहिलं ‘बालकांचं घर’ उघडलं तेव्हा त्या ३६ वर्षांच्या होत्या, आणि त्याआधी डॉक्टर होत्या. गुजरातेत ही पद्धत रुजवणारे गिजुभाई बधेका आधी वकिली करत होते. त्यांचं भावनगरचं बालमंदिर सुरू झालं १९२० साली, तेव्हा त्यांना ३५ वं चालू होतं. अनुताई वाघ १९४५ मध्ये ताराबाई मोडकांबरोबर बालशिक्षणाच्या कामासाठी बोर्डीला गेल्या, त्याही पस्तिशीतच. तेव्हा वयाचा प्रश्न पुन्हा काढू नका. मिस्टरांनी काढला तर ही तीन नावं सांगा.

आता तुमच्या पत्रातलं जे वाक्य मला खटकलं त्याकडे येते. ‘मला लहान मुलं मनापासून आवडतात.’ प्रवेशाच्या मुलाखतीत दहातल्या नऊ जणी हेच सांगतात. मीही सांगितलं होतं. आणि या आवडीनेच मला पहिल्या दोन महिन्यांत सगळ्यात जास्त त्रास दिला.

मी मॉन्टेसरीचं प्रशिक्षण घेत होते तेव्हा सरावासाठी आम्हाला एका चालू वर्गात पाठवत. तिथे साडेतीन वर्षांचा एक मुलगा गुलाबी मनोरा करायला निघाला होता. मॉन्टेसरीच्या साहित्यातला हा मनोरा म्हणजे दहा लाकडी घन, सगळ्यात छोटा एक सेंटिमीटरचा आणि सगळ्यात मोठा दहा सेंटिमीटरचा. रीत अशी, की आधी चटई अंथरायची, मग फडताळातून एकेक घन आणायचा. म्हणजे दहा खेपा. पोरगं आपलं दोन्ही हातांनी घन धरून, चटयांच्या मधून वाट काढत, संथपणे येत-जात होतं. मला राहवेना. बिचाऱ्याला किती हेलपाटे, म्हणून मी तीन घन उचलून त्याच्या चटईवर ठेवले. तो थांबला, त्या तिघांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग एकेक करून ते तिन्ही परत फडताळात नेऊन ठेवले आणि पुन्हा एकेक करून आणले. कोपऱ्यात आमच्या बाई वही घेऊन बसल्या होत्या. तास संपल्यावर त्यांनी वही माझ्यापुढे धरली. माझ्या नावापुढे एकच शब्द लिहिला होता. ‘तीन.’

त्या दहा खेपांत त्याचा हात वजन शिकत होता. मोठा घन तळहातभर आणि जड, पुढचा त्याहून जरा हलका, शेवटचा दोन बोटांच्या चिमटीत मावणारा. डोळ्यांआधी हाताला फरक कळतो. मी प्रेमापोटी त्याच्या तीन इयत्ता खाल्ल्या होत्या.

तर ‘पोरं सांभाळायला कोर्स कशाला’ याचं उत्तर मिस्टरांना असं द्या: सांभाळायला नकोच. सांभाळणं तुम्हाला येतं, सासूबाईंना तुमच्याहून चांगलं येतं. कोर्स लागतो तो हात आवरायला शिकण्यासाठी. आईपणात जी घाई अंगात मुरते (बटण लाव, चप्पल घाल, घास भरव, चल लवकर) ती वर्षभर रोज थोडी थोडी उतरवावी लागते. मिस्टर इतिहास वाचणारे असतील तर म्हणतील, रोमच्या त्या पहिल्या घरात तरी कुठे शिकलेली शिक्षिका होती? नव्हती, खरं आहे. वस्तीतलीच एक साधी बाई होती. पण काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही, हे सांगायला खुद्द मॉन्टेसरी येत होत्या. तेवढी सोय आपल्याला नाही, म्हणून फी भरायची.

तीन पर्यायांकडे बघू. ४५ दिवसांचा ऑनलाइन कोर्स माझ्या मते सोडून द्या. व्हिडिओ बघून भाकरी थापता येत नाही, पीठ हाताला चिकटावं लागतं. मॉन्टेसरीचं प्रशिक्षण निम्म्याहून जास्त हातांचं आहे. चटई कशी गुंडाळायची, एका छोट्या चंबूतून दुसऱ्यात पाणी थेंब न सांडता कसं ओतायचं, सांडलं तर स्पंज कुठून आणायचा, खुर्ची आवाज न करता कशी सरकवायची. हे तुम्ही तीस वर्षं करत आलात, पण मुलाला दिसेल असं कधीच केलेलं नाही. आपण चार हालचाली एका झटक्यात करतो, मुलाला फक्त झटका दिसतो. आमच्या बाईंचा एक नियम होता: ‘हात हलतोय तेव्हा तोंड बंद. बोलायचं असेल तर हात थांबवा.’ ऐकायला सोपा वाटतो. आज संध्याकाळी घरात कुणाला तरी रुमालाची घडी घालायला दाखवताना पाळून बघा.

गावातला नर्सरी टीचर ट्रेनिंगचा वर्ग वाईट नाही. गाणी, गोष्टी, हस्तकला, तक्ते, फळा सांभाळणं हे तिथे मिळेल, आणि साध्या बालवाडीत किंवा ज्युनिअर-सिनिअर केजीला ते उपयोगी पडतं. पण त्यात मॉन्टेसरी म्हणजे बहुधा एक धडा आणि परीक्षेतला एक प्रश्न. तुम्हाला नक्की काय व्हायचंय, यावर हा पर्याय ठरेल. शिशुवर्गाच्या शिक्षिका व्हायचं असेल आणि घर सोडणं जमणार नसेल तर तोच घ्या, उगाच मन खाऊ नका.

मॉन्टेसरी शिक्षिकाच व्हायचं असेल तर मात्र पूर्णवेळ. पण ‘पूर्णवेळ’ आणि ‘महाग’ एवढ्यावरही फसू नका. मॉन्टेसरी हे नाव कुणाच्या मालकीचं नाही. कुणीही पाटी लावावी. आपल्याकडे तर दोन पिढ्या ‘पोर मॉन्टेसरीत जातं’ म्हणजे फक्त पहिलीच्या आधीची शाळा, एवढाच अर्थ होता. तुमच्या मुलीच्या शाळेचंच बघा. तिथे रांगेने बाकं आहेत का? सगळ्यांना एकाच वेळी एकच अक्षर गिरवायला देतात का? तसं असेल तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, ती मॉन्टेसरी नव्हे. खऱ्या वर्गात अडीच-तीन ते सहा वर्षांची मुलं एकत्र असतात, सकाळचा सलग मोठा वेळ न मोडता मिळतो, आणि दहा वाजता आत डोकावलं तर बाई कुठे आहेत ते पटकन सापडत नाही, कारण त्या कुणाच्या तरी चटईशेजारी खाली बसलेल्या असतात.

हाच डोळा प्रशिक्षण केंद्राकडे लावा. पैसे भरण्याआधी एक दिवस पुण्याला जा आणि साहित्याची खोली दाखवा म्हणा. साहित्याचे पूर्ण संच आहेत का, एका संचामागे किती जणी, कोर्सच्या वेळेनंतर सरावाला खोली उघडी असते का. सरावाच्या वेळी जाणती शिक्षिका समोर बसून चुका दाखवते, की तुमच्या तुम्ही करत बसायचं. निरीक्षणाला कोणत्या शाळांत पाठवतात आणि किती दिवस. शेवटची परीक्षा कोण घेतं, केंद्रातलेच लोक की बाहेरून परीक्षक येतात. मॉन्टेसरींनी स्वतः १९२९ साली स्थापन केलेली ‘असोसिएशन मॉन्टेसरी इंटरनॅशनल’, म्हणजे ए.एम.आय., हिच्या मान्यतेचा दावा असेल तर त्या संस्थेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त केंद्रांची यादी असते, तिच्यात नाव आहे का बघा. ए.एम.आय.चा मदतनिसांसाठी छोटा अभ्यासक्रमही असतो. तो चांगला आहे, पण तो शिक्षिकेचा डिप्लोमा नव्हे. काही ठिकाणी ही गल्लत मुद्दाम होऊ देतात.

आणि एक विचारा: अल्बम आम्ही लिहायचा की छापील मिळतो? अल्बम म्हणजे प्रत्येक साहित्य कसं दाखवायचं याची तुमच्या हातची वही. दैनंदिन कामं, इंद्रियांचं शिक्षण, भाषा, गणित, प्रत्येकाची वेगळी. चटई उचलण्यावर एक पान, बटणांच्या चौकटीवर दोन. आकृत्याही स्वतः काढायच्या. रात्री एक वाजता ‘उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि पहिल्या दोन बोटांनी’ हे वाक्य चाळिसाव्या वेळी लिहिताना तुम्ही माझ्या नावाने बोटं मोडाल. पण लिहून लिहून ते बोटांत उतरतं. छापील अल्बम देणारं केंद्र तुमचा वेळ वाचवतं आणि तुमचं नुकसान करतं.

म्हणूनच, बहिणीकडे राहून शनिवार-रविवार साताऱ्याला येईन असा हिशेब असेल तर दर आठवड्याला ते जमणार नाही, हे सासूबाईंना आणि मुलीला आधीच सांगा. अल्बम असतील, साहित्य बनवणं असेल. खरखरीत अक्षरं करायला पॉलिश पेपर कापून पुठ्ठ्यावर चिकटवताना बोटांची सालं निघतात. माझ्या ‘ळ’ची वळणं चार वेळा बिघडली होती.

मराठी माध्यमाची भीती काढून टाका, पण अर्धीच. पुण्या-मुंबईतले बरेच डिप्लोमा इंग्रजीतून चालतात, व्याख्यानंही आणि अल्बमही. कोणत्या भाषेत लिहिलेलं चालेल ते आधी विचारा. इंग्रजी लिहावं लागणार असेल तर आतापासून रोज एक पान लिहा. छोटी, सरळ वाक्यं, कृती सांगणारी. तुमच्या पोह्यांची कृती इंग्रजीत लिहा, अल्बमची भाषा साधारण तीच असते. दुसरी अर्धी भीती उलट तुमच्या फायद्याची आहे. मॉन्टेसरीत मूल अक्षराचं नाव शिकत नाही, आवाज शिकतं. इंग्रजी माध्यमातल्या मैत्रिणींना ‘बी’ म्हणायची सवय मोडून ‘ब’ म्हणायला महिना लागतो. आपल्याकडे ‘ब’चं नावच ‘ब’. खरखरीत ‘म’वरून मूल दोन बोटं फिरवतं आणि त्याच वेळी ‘म’ कानावर पडतो. डोळा, बोट, कान तिन्ही एका जागी येतात. आपली खरी कसोटी पुढे आहे, काना-मात्रा-वेलांटीत आणि जोडाक्षरांत. त्यासाठी इंग्रजीतून शिकलेलं आपलं आपल्यालाच मराठीत बसवावं लागतं.

तुमच्या पत्रात तुम्ही पतपेढीचा उल्लेख जरा लाजून केल्यासारखा वाटला. मला तर तो सगळ्यात आवडला. गणिताच्या साहित्यात सोनेरी मणी असतात. एक सुटा मणी, दहांची सळी, दहा सळ्यांचा शंभराचा चौकोन, दहा चौकोनांचा हजाराचा घन. चार वर्षांचं मूल एका तळहातावर एक मणी आणि दुसऱ्यावर हजाराचा घन घेऊन उभं राहतं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते तुम्ही ओळखाल. शंभर नोटांची गड्डी न मोजता हाताने कळायची ना तुम्हाला? तेच.

आणि दुसरं. लाकडाच्या जाड पट्टीत दहा खाचा, त्यात बसणारे वेगवेगळ्या मापांचे दहा दट्टे, प्रत्येकाला वर धरायला छोटी मूठ. मूल सगळे बाहेर काढतं आणि आपापल्या खाचेत परत बसवतं. एखादा चुकीच्या, मोठ्या खाचेत गेला की शेवटी एक दट्ट्या उरतो आणि उरलेल्या खाचेत शिरत नाही. बाईने ‘चुकलं’ म्हणायची गरजच नाही. संध्याकाळी कॅश जुळली नाही तर तुम्हाला कुणी येऊन सांगावं लागत होतं का? आपणच वरून खाली पुन्हा बेरीज मारायला घेत होतो. मूलही तसंच पुन्हा घेतं. अशा वेळी पाठीमागून ‘अगं, तो तिसरा बघ’ म्हणणारा मॅनेजर किती नकोसा वाटतो, ते तुम्ही जाणता. तुम्हाला तो मॅनेजर व्हायचं नाहीये.

आता पैसा आणि नोकरी. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत पहिली ते पाचवीला शिकवायचं तर डी.एल.एड. ही शिक्षक-पदविका आणि टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा लागते, भरतीसाठी अभियोग्यता चाचणी वेगळी. मॉन्टेसरी डिप्लोमा त्याच्या जागी चालत नाही, कितीही महाग असला तरी. अंगणवाडी सेविकेची भरती पूर्ण वेगळी, महिला व बालविकास विभागाकडची, आणि त्यात स्थानिक रहिवासाची अट असते. तेव्हा ‘सरकारी नोकरीला उपयोगी’ असं कुणी या डिप्लोम्याबद्दल म्हणालं तर तिथून उठा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एक टप्पा मानला, त्यामुळे या वयाकडे लक्ष वाढलंय हे खरं, पण त्या जोरावर आज कर्ज काढू नका. नोकरी मिळेल ती खासगी शाळांत. चांगल्या मॉन्टेसरी शाळांना शिकलेल्या शिक्षिका हव्या असतात, पण त्या बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. साताऱ्यात किती आहेत, हे फी भरण्याआधी स्वतः फिरून मोजा. पहिल्या वर्षीचा पगार पतपेढीतल्या शेवटच्या पगारापेक्षा कमी असू शकतो, हे धरूनच मिस्टरांपुढे हिशेब मांडा. हिशेब मांडता येतो तुम्हाला. फी, बहिणीकडचा खर्च, बसभाडं, साहित्याचं सामान एका बाजूला आणि तीन वर्षांचा अंदाजे पगार दुसऱ्या. तोट्याचा आकडा आला तर लपवू नका. तो दिसत असूनही करायचंय का, हे ठरवणं जास्त प्रामाणिक.

तळमजल्यावरची बालवाडी लगेच नको. किमान दोन वर्षं दुसऱ्याच्या वर्गात काम करा. डिप्लोमा हातात आल्यावर सगळं येतं असं वाटतं, आणि मग पहिल्या सोमवारी वीस मुलांपैकी सात रडत असतात, दोघं दारातून पळालेली असतात. अल्बममध्ये त्याचं पान नाही. शिवाय साहित्याचा पूर्ण संच महाग असतो, आणि तो एकदम घ्यायच्या नादात लोक जागेत आणि पगारात काटकसर करतात. बोर्डीला आणि मग कोसबादच्या टेकडीवर ताराबाई-अनुताईंनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांवर काम उभं केलं, हे विसरू नका. पण त्यांचा दाखला घाईने घेऊही नका. ताराबाई त्याआधी भावनगरला गिजुभाईंबरोबर वर्षानुवर्षं खऱ्या साहित्यावर घासल्या होत्या. काय आणि का हे पक्कं असल्यावरच गुलाबी घनाच्या जागी खडा ठेवता येतो. नोंदणीचं आणि परवानग्यांचं बालवाडी काढायची वेळ येईल तेव्हा शिक्षण विभागात जाऊन विचारा, नियम बदलत आहेत.

माझं मत विचाराल तर क्रम असा ठेवा. या जूनला फी भरू नका. आधी पुण्यातल्या एखाद्या बऱ्या मॉन्टेसरी शाळेला विचारून दोन-तीन सकाळी नुसतं बसायला मिळतं का बघा. बऱ्याच शाळा आधी विचारलं तर बसू देतात. एक छोटी खुर्ची देतात, बोलू नका म्हणतात. तिसऱ्या सकाळी कंटाळा आला तर पैसे वाचले. तिसऱ्या सकाळी घड्याळ बघायचं राहून गेलं तर पुढच्या वर्षीचा प्रवेश घ्या. मधल्या काळात मदतनीस म्हणून काम मिळालं तर दुधात साखर. आणि जमलं तर एक सकाळ मिस्टरांनाही न्या.

एक गोष्ट मात्र करू नका: शिकलेलं रोज घरी लेकीवर आजमावणं. तिला आई हवी आहे, सरावाचा वर्ग नको.

अपवाद फक्त एक, आणि तो उद्याच करा. सकाळी ती शाळेला निघताना वीस मिनिटं आधी उठवा. वही-पेन घेऊन दारापाशी खाली बसा. तिला बटणं, मोजे, चप्पल तिचं तिला घालू द्या. जे दिसतं तेवढंच लिहा. ‘चिडली’ लिहू नका, ‘ओठ आवळले, मोजा खाली टाकला, पुन्हा उचलला’ असं लिहा. तुमचा हात किती वेळा पुढे गेला, त्याच्या रेघा समासात मारा. सासूबाईंचा हात गेला तर त्यांच्या वेगळ्या मारा, पण त्यांना सांगू नका. आठवडाभर करा आणि सोमवारचा आकडा, शनिवारचा आकडा मला कळवा. माझा पहिल्या दिवशीचा सतरा होता.